वाकचौरे भाऊसाहेबांची ट्राउट

रंगनाथ वाकचौरे नगर जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या अकोल्याला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि त्यांच्या स्वतःच्या मते ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही माशाबद्दल. मुलीचं लग्न जमवताना बापमंडळी खोटं बोलतात यात नवल नाही, पण त्याचे विषय ठरलेले असतात. मुलीचं वय, मुलीचं शिक्षण, गावाकडची बागायत. या सगळ्या सोयीच्या जागा सोडून वाकचौऱ्यांनी नेमका मासा गाठला. गळ्यात तुळशीची माळ, घरात कधी अंड्याचं टरफल आलेलं नाही, आणि नदीशी संबंध म्हणाल तर कुणाच्या दहाव्याला जाण्यापुरता. अशा माणसानं मासेमारीत तोंड घालावं, याला ग्रहदशेशिवाय दुसरं कारण त्यांना पुढेही कधी सापडलं नाही.

त्याचं असं झालं. माघाचे दिवस होते, बाहत्तर साल. मुलगी बघायला नगरहून कॅप्टन कानिफनाथ म्हस्के आले होते. कॅप्टन मूळचे खर्ड्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन भिंगारात घर बांधून राहिलेले. सोबत मुलगा होता, एका शुगर फॅक्टरीत सुपरवायझर. मुलगी म्हणजे वाकचौऱ्यांची एकुलती एक लंका. नाकीडोळी नीटस, कामाला खमकी, शिवणाचा कोर्स झालेली. अडचण एवढीच की ती उंच होती. देवानं वाकचौऱ्यांना बाकी कशातच सढळ हातानं दिलं नव्हतं. ती सगळी भरपाई त्यानं लंकेच्या उंचीत करून टाकली होती. येणारा प्रत्येक मुलगा बसलेला असेपर्यंत हसतमुख असायचा. लंका पोह्यांचा ट्रे घेऊन, चौकटीखालून मान वाकवून आत आली की त्याचा चेहरा उतरायचा, आणि मग 'कळवतो' म्हणून मंडळी उठायची. कळवतो म्हणून गेलेले कळवत नाहीत, हे वाकचौऱ्यांच्या बायकोला, छबूबाईंना, आता इतकं पाठ झालं होतं की पाहुणे उठायच्या आधीच त्या उरलेले पोहे झाकून ठेवायच्या.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता. कॅप्टन पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत होते. वाकचौरे रिकाम्या कपात चमचा फिरवत होते. एवढ्यात कॅप्टननी सहज विचारलं, “तुमची नदी उन्हाळ्यात वाहती का हो?”

“वाहते ना. धरणाचं रोटेशन सुटलं की दुथडी.”

हा वाकचौऱ्यांचा हक्काचा विषय. भंडारदऱ्याचं धरण खालच्या उसाला पाळीपाळीनं पाणी सोडतं. त्या पाळीला ऑफिसात रोटेशन म्हणतात. रोटेशन चालू असलं की भर वैशाखात प्रवरा पावसाळ्यासारखी खळाळत जाते आणि पाळी संपली की पुन्हा नुसते धोंडे. एरवी हे ऐकून घेणारा माणूस मिळत नसे. कॅप्टननी मात्र बशी खाली ठेवली.

“आमच्या खर्ड्याकडं नदीला पानी म्हंजी पावसाळ्यातलं चार दिस,” ते म्हणाले. “वाहतं पानी मी पयल्यांदा बघितलं ते फौजेत, काश्मीरात. आमचा कर्नल इंग्रज हुता. त्याच्या मागं सामान घेऊन जायचो. उन्हाळा लागला की बर्फाचं पानी, कमरेएवढं. त्यात उभं ऱ्हायचं अन् काठीनं दोरी अशी हवेत झुलवायची, की टोकाच्या गळावरची पिसांची खोटी माशी पान्यावर अलगद बसली पायजे. मग ट्राउट मासळी वर येती अन् घेती. त्यानंच शिकिवलं मला. जाताना काठ्या देऊन गेला.” ते जरा थांबले. “रिटायर झाल्यापासनं पायाला वाहतं पानी लागलं न्हाई. तुमच्याकडं ट्राउट हाय का?”

ट्राउट हा शब्दच वाकचौरे जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. माळकरी माणसाला मासे म्हणजे मासे. त्यांच्यात जाती असतात, एका जातीला गारठा लागतो आणि दुसरीला चिखल लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नदी आहे त्या अर्थी तिच्यात जे काय असायचं ते असणारच, असं त्यांनी धरून घेतलं. शिवाय समोरचा माणूस आल्यापासून पहिल्यांदाच हसला होता.

“आहे की,” ते म्हणाले. “मुबलक. मी स्वतः धरतो, रविवारचा.”

आत स्वयंपाकघरात पितळेचं काहीतरी पडलं.

“मग ठरलं,” कॅप्टन म्हणाले. “वैशाखात येतो. दोन दिस ऱ्हातो. सोयरिकीचं तिथंच नदीत उभं राहून बोलू.”

मुलगा कॅलेंडरच बघत राहिला.

पाहुणे गेल्यावर छबूबाई बाहेर आल्या. “माळकऱ्याच्या घरात मासं धरत्यात म्हनं. तोंड कसं धजलं तुमचं?”

“लंकेसाठी बोललो.”

लंकेसाठी म्हटलं की त्या घरात कुठलाही वाद संपायचा, आणि संपला की सगळ्यांनाच वाईट वाटायचं. लंका कपबशा गोळा करत होती. ती एवढंच म्हणाली, “आण्णा, मासा कुठल्या बाजूनं धरतात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

होळीच्या आधी एस्टीच्या टपावरून एक लांबलचक गाठोडं आलं. कंडक्टरला ते बँडवाल्यांचं वाद्य वाटलं होतं. कॅप्टननी आपली दुसरी काठी, रीळ, दोर आणि नमुन्याची एक खोटी माशी धाडली होती, सराव सुटू नये म्हणून. छबूबाईंनी ते गाठोडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. जीव मारायचं हत्यार देवाच्या घरात नको, म्हणून काठी न्हाणीघराच्या पत्र्यावर पडली. रोज सकाळी अंघोळ करताना वाकचौऱ्यांना तिचं टोक दिसायचं आणि अंगावर घेतलेलं गरम पाणीसुद्धा गार लागायचं.

अकोल्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि सल्ले तर बातमीच्याही आधी येऊन बसतात. शेजारचा श्रीमंत नावाचा कंपाउंडर रोज दवाखाना सुटला की हजर. त्याच्या मते कणकेच्या गोळीत हिंग घातला की मासा आपण होऊन काठावर येतो. ही गोळी तो औषधासारखी दिवसातून दोनदा सांगायचा. विहिरीचं काम करणाऱ्या एका ठेकेदारानं सुरुंगाची कांडी देऊ केली. डोहात टाकायची आणि पोतं घेऊन उभं राहायचं, एवढं सोपं काम असताना भाऊसाहेब काठी कशाला झुलवतात, हे त्याला समजेना. खोट्या माशीवर तर एकाचाही विश्वास बसला नाही.

“मासा काय खुळा हाय व्हय, पिसं खायाला?” श्रीमंत म्हणाला.

वाकचौऱ्यांना हा अपमान वाटला. स्वतःचा नव्हे, होणाऱ्या व्याह्यांचा. “मोठमोठे इंग्रज असंच धरतात,” त्यांनी सुनावलं.

“म्हनूनच गेले,” श्रीमंत म्हणाला.

माशी बांधायचं काम लंकेनं अंगावर घेतलं. नमुन्याची माशी तिनं सुईनं हळूहळू उसवली, आत काय काय आहे ते पाहिलं, आणि ब्लाउजच्या रेशमी दोऱ्यानं तशीच दुसरी बांधली. पिसं पलीकडच्या गोजरबाईंच्या कोंबड्याची. मानेवरचीच लागत होती, तांबूस, बारीक. सुरुवातीला कोंबडा आपण होऊन पिसं टाकत होता, पण लग्नाच्या कामाला तेवढ्यावर भागेना. चैत्र लागता लागता गोजरबाई कुंपणाशी आल्या. “भाऊसाहेब, कोंबडं आरवंना झालंय. लंकीच्या लग्नापायी ते संन्याशी झालं.”

लंकेच्या हातची माशी मात्र बघत राहावी अशी. बायका यायच्या, तळहातावर घेऊन बघायच्या, आणि अंबाड्यात खोचायला एखादी मागायच्या. लंका रात्रंदिवस बांधत होती असं नव्हे, पण बांधताना तिच्या कपाळावरची आठी जायची, हे वाकचौऱ्यांनी पाहिलं होतं. लग्नासाठी तिनं आजवर साबुदाण्याच्या पापडापासून भरतकामापर्यंत सगळं करून दाखवलं होतं. त्यातलं आवडीनं केलेलं हे पहिलंच.

काठी झुलवायचा सराव ऑफिसच्या आवारात, साहेब गेल्यावर. त्याचा तपशील देण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात लिंबाचं झाड, शिपायाची टोपी आणि ऑफिसच्या जीपचं ताडपत्री छत एवढ्यांना गळ लागला. लिंबात अडकलेल्या माश्या सोबत आलेली लंका टाचा उंचावून नुसत्या हातानं काढायची. असल्या वेळी वाकचौऱ्यांना वाटायचं, ही उंची जगात कुठेतरी उपयोगाची असणार, फक्त ते ठिकाण आपल्याला सापडत नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी काठी मागे नेऊन जोरानं पुढे झटकली ती गळ थेट त्यांच्याच माळेत. दोरा तटकन तुटला आणि तुळशीचे मणी आवारभर झाले.

माळकऱ्याची माळ तुटली की दुसरी गळ्यात पडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. आणि ती घालायची ती बुवांच्या हातून. बुवा सप्त्याला संगमनेराकडे गेलेले. दुसऱ्या दिवशी वाकचौरे उपाशीपोटी ऑफिसात बसले, डबा नाही, चहा नाही, कुणाशी बोलणं नाही. तिसऱ्या प्रहरी युनियनचा माणूस येऊन शेजारी मांडी घालून बसला आणि हळूच विचारू लागला, मागणी कोणती, आणि वरपर्यंत न्यायची का. संध्याकाळी बुवा आले. त्यांनी माळ कशी तुटली ते विचारलं. “झाडात अडकली,” वाकचौरे म्हणाले. हे खोटं ते मोजत नाहीत, कारण झाड तिथं होतंच.

एवढं सगळं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परवानगी राहिली. धरणाखालच्या पात्रात रोटेशन चालू असताना उतरायला ऑफिसची लेखी परवानगी लागते. दुसरा कुणी असता तर गुपचूप उतरला असता. वाकचौरे हेडक्लार्क होते. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, अर्ज ठेवला, आणि अलीकडे येऊन बसले. अर्ज वाचता वाचता त्यांच्यातला हेडक्लार्क अस्वस्थ झाला. अर्जदारानं कारण मोघम दिलं होतं. ट्राउट नावाची मासळी दप्तरी कुठेही नमूद नव्हती. त्यांनी लाल शाईनं शेरे मारले, आणि शेवटी, केवळ सवयीनं, लिहिलं: 'पाणी चालू असता अर्जदार व अन्य इसम पात्रात उतरणार. जीविताची जबाबदारी कोणाची? आदेश व्हावेत.' हा शेरा लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी बिनचूक हातून झालं होतं.

साहेब तरुण होते, नाशिककडचे, स्वभावानं गोड. त्यांनी वाकचौऱ्यांना आत बोलावलं, लंकेच्या लग्नाचं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका. जबाबदारीचं मी बघतो.” वाकचौऱ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेब लोकांनी बघतो म्हटल्यावर नक्की काय होतं, हे इतकी वर्षं नोकरी करूनही त्यांना त्या घडीला आठवलं नाही.

वैशाखात कॅप्टन आले. रोटेशनचे शेवटचे दोन दिवस वाकचौऱ्यांनी मुद्दाम त्यांच्यासाठी धरले होते. आदल्या सालचा पाऊस ओढ देऊन गेलेला, धरणाची पातळी खाली गेलेली, आणि कॅप्टनच्या खर्ड्याकडून तर माणसं आत्ताच दुष्काळी कामावर खडी फोडायला बाहेर पडली होती. एस्टीत वाटभर तेच ऐकत आले, असं ते म्हणाले. अंगात खाकी शर्ट, मांडीपर्यंत येणारे रबरी बूट काखेत, आणि टोपीला काश्मीरच्या जुन्या माश्या टोचलेल्या. मुलगा आला नव्हता.

“ड्युटी लागली त्याला,” कॅप्टन म्हणाले आणि लगेच काठीच्या पिशवीची नाडी सोडू लागले. वाकचौऱ्यांना ते खटकलं. पण खटकलेलं गिळायची त्यांना सवय होती.

छबूबाई आल्या नाहीत. हत्या बघायला मी येणार नाही, म्हणाल्या, आणि दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तेव्हा कॅप्टन, वाकचौरे आणि माश्यांची डबी घेतलेली लंका, अशी तिघं धरणाजवळच्या रेस्ट हाउसवर उतरली आणि धरण नि रंध्याचा धबधबा यांच्या मधे, कोंडवाडी नावाच्या वस्तीच्या खाली, नदीवर गेली.

पाणी खरोखरच वाहत होतं. धरणाच्या तळातून येणारं, निळसर आणि गार. कॅप्टन बूट चढवून उतरले, मांडीभर पाण्यात जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांनी काठी उचललीच नाही. नुसते डोळे मिटून उभे. मग दोर हवेत गेला, मागे झुलला, पुढे आला आणि लंकेची माशी पाण्यावर बसली ती सुकलेलं पान पडावं तशी. वाकचौरे पॅन्ट गुडघ्यावर दुमडून शेजारी उभे होते. पाय बधिर झाले होते, पण इतकं देखणं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आपण याच माणसाला फसवतोय हे आठवून त्यांना पाण्यातच घाम फुटला.

मासा काही आला नाही. पहिल्या तासाला वाकचौरे म्हणाले, ऊन फार आहे. नंतर म्हणाले, वारा उलटा आहे. दुपारी म्हणाले, काल अमावास्या झाली ना. कॅप्टन प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि पुन्हा दोर टाकायचे. ते इतके समजूतदारपणे डोलवायचे की वाकचौरे पुढची सबब आधीच जुळवून ठेवायचे.

उन्हं कलती झाल्यावर कॅप्टननी काठी लंकेकडे दिली. “टाक बरं तू.” लंकेनं पदर खोचला, बापाचा सराव नि कॅप्टनचा हात नुसता बघून शिकली होती तसा हात मागे नेला, आणि दोर सरळ पलीकडच्या खडकापर्यंत गेला.

“हात लांब हाय पोरीचा,” कॅप्टन म्हणाले. “काठीला असाच हात लागतो. आमचा कर्नलबी असाच उंच हुता.”

लंकेच्या उंचीबद्दल चांगलं बोलणारा हा पहिला माणूस. वाकचौरे उगीचच वाकून पाय चोळू लागले. काठावर परत येताना कॅप्टन त्यांच्याजवळ थांबले. “भाऊसाहेब, एक सांगायचं हुतं.” मग पाण्याकडे बघून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. उद्या बोलू.” वाकचौऱ्यांनी याचा जो अर्थ काढायचा तो काढला, आणि त्या संध्याकाळी दशमी खाताना मनातल्या मनात मांडव घातला, आचारी ठरवला, आणि गोजरबाईंना मानाचं लुगडंसुद्धा नेसवलं.

दुसऱ्या दिवशी ते उतरले आणि थोड्याच वेळात वाकचौऱ्यांच्या लक्षात आलं की पाणी मघाशी गुडघ्यावर होतं ते आता पोटरीवर आलंय. धरणाकडून येणारा घोष बंद पडला होता. खडक एकेक करून डोकी वर काढू लागले. कॅप्टननी दोर टाकला तो दगडावरच पडला. त्यांनी तो गुंडाळला, पुन्हा टाकला, पुन्हा दगडावर. एवढ्यात धरणाकडून सायकल दामटत ऑफिसचा बिगारी मच्छिंद्र आला. त्याच्या हातात परवानगीचा कागद होता आणि तोंडावर मोठं शुभवर्तमान.

“साहेबांनी परमिशन दिली, भाऊसाहेब. अन् पानीबी बंद करायला लावलं. म्हन्ले, भाऊसाहेबांनीच शेरा मारलाय जिवाचा. मान्सं पान्यात उतरनार, कुनी वाहून गेलं तर? रोटेशन आज संध्याकाळी बंद व्हायचंच हुतं, ते सकाळीच केलं. आता बिनघोर धरा मासं.”

वाकचौऱ्यांनी कागद घेतला. खाली आपलाच शेरा, त्याखाली साहेबांची सही. तक्रारीला जागाच नव्हती. मांडीपर्यंतचे बूट घालून कॅप्टन कोरड्या धोंड्यांत उभे होते आणि बुटांतून पाणी निथळत होतं. त्यांच्याकडे बघायची वाकचौऱ्यांची हिंमत होईना.

मग कोंडवाडी खाली आली. घोष थांबला की तिथल्या घराघरातून माणसं टोपल्या, घमेली, डेचकी जे हाताला लागेल ते घेऊन नदीकडे धावतात, हा जुना शिरस्ता. धरण त्यांच्या उशाशी, पण पाणी खालच्या उसाचं. पाणी ओसरल्यावर मागे डोहात जे अडकून राहील तेवढंच कोंडवाडीचं. बायाबापड्यांनी बघता बघता दगड रचून डोहाचं तोंड बांधलं आणि घमेल्यांनी पाणी उपसायला घेतलं. त्या सालात बऱ्याच घरांत दुसरं काही शिजणार नव्हतं, हे त्यांच्या घाईवरून दिसत होतं. कुणी हसत नव्हतं, कुणी गात नव्हतं. फक्त पाणी फेकल्याचा आवाज.

वाकचौऱ्यांनी वळून पाहिलं तर लंका शेजारी नव्हती. ती कासोटा घालून डोहात उतरली होती. मधे खोल होतं, तिथं बाकीच्या बायका बुडत होत्या. तिला छातीपर्यंतच आलं. कुणीतरी तिच्या हातात टोपली दिली. “लंके,” त्यांनी हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. टोपली वर आली तेव्हा तिच्यात एक लांबोडी वाम मासळी वळवळत होती आणि लंका हसत होती. अशी ती बाहुल्या खेळायच्या वयात हसायची. वाकचौऱ्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

डोह संपला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बनुबाई म्हणून एक म्हातारी होती, वाटे घालायचा मान तिचा. तिनं सपाट खडकावर माशांचे ढीग मांडायला घेतले. चुलीमागे एक ढीग, मोठा मासा इकडे तर दोन बारके तिकडे, असं करत करत तिनं एक ढीग वाकचौऱ्यांच्या पायाशी मांडला आणि एक कॅप्टनच्या.

“आम्हाला नको, बाई,” वाकचौरे घाईघाईनं म्हणाले. “आम्ही माळकरी.”

“तुमी त्याचं काय बी करा,” बनुबाई म्हणाली. “काठावर हजर असंल त्याला वाटा चुकवला, तर डोह पुढल्या बारीला देत न्हाई.” मग तिनं निथळत उभ्या असलेल्या लंकेकडे पाहिलं, दोघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि हातातला मासा तसाच धरून विचारलं, “अन् ही पोर? कंच्या चुलीची धरू?”

सगळे वाट बघत होते. वाटे पुरे झाल्याशिवाय कुणी उचलत नाही. वाकचौऱ्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. इतक्या आशेनं त्यांनी देवाकडेही कधी पाहिलं नसेल. एक शब्द हवा होता. आमच्या. एवढाच.

कॅप्टननी टोपी काढली. “भाऊसाहेब,” ते खाली बघत म्हणाले, “पोरगा त्याच दिवशी न्हाई म्हनला. एस्टीतच. उंचीचं म्हनला. मी लई समजावलं, ऐकंना. तुमाला कळवायला पायजे हुतं. कळवायचं सोडून मी काठी धाडली. ट्राउट हितं जगत न्हाई, हे बी मला तवाच ठाव हुतं.” त्यांनी टोपीवरची एक माशी उपटून पुन्हा टोचली. “मला नदीत उभं ऱ्हायचं हुतं.”

वाकचौऱ्यांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला. चैत्रभर झुलवलेली काठी, संन्याशी झालेलं कोंबडं, उपास, शेरे, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि शेवटी लंका दिसली. तिनं ऐकलं होतं. ती पदराचं पाणी पिळत होती, पिळून झालं तरी पिळत होती. कितीतरी वर्षं आपण हिला दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीवर नेऊन ठेवायला धडपडतोय, आणि दर वेळी ही ट्रे घेऊन वाकून आत येते. बनुबाईच्या हातातला मासा अजून तडफडत होता.

“माझ्या,” वाकचौरे म्हणाले. मग कोंडवाडीला सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “माझ्या चुलीची आहे ती.”

“मंग वाटा एकच,” बनुबाई म्हणाली आणि हातातला मासा तिनं वाकचौऱ्यांच्या ढिगावर टाकला. माणसं आपापले वाटे उचलून चढाला लागली.

कॅप्टन दुपारच्या एस्टीनं गेले. आपला वाटा ते खडकावरच ठेवून निघाले होते, तो मच्छिंद्रानं नेला. जाताना त्यांनी काठी लंकेपुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही. “न्या तुमची,” ती म्हणाली, “आमच्याकडं पाणी नसतं.” हे ती रागानं म्हणाली नाही, आणि म्हणूनच म्हातारा आणखी वाकला. वाकचौरे त्यांना एस्टीपर्यंत पोचवायला गेले. गाडी सुटताना कॅप्टननी खिडकीतून नमस्कार केला आणि वाकचौऱ्यांनीही केला. मुलीच्या बापाचे हात आपोआपच जोडले जातात.

ते परत आले तर रेस्ट हाउसच्या मागे, आवाराच्या पार कडेला, लंकेनं तीन दगड मांडून जाळ केला होता. मासे कोंडवाडीच्या बाईकडून साफ करून आणले होते, मीठ-मिरची लावली होती, आणि बनुबाईनं दिलेल्या खापरीवर ते भाजत होते. वास आला तसे वाकचौरे थबकले.

“आण्णा, आईला सांगू नका,” लंका म्हणाली. “सांगितलं तरी चालेल. मला खाऊन बघायचंय.”

माळकरी बापानं काय म्हणायला हवं ते वाकचौऱ्यांना माहीत होतं. घर बाटेल, लोक काय म्हणतील, पुढचं स्थळ आलं तर. पुढचं स्थळ हे शब्द मनात आले आणि त्यांना एकदम फार थकायला झालं. ते तिच्यापासून हातभर अंतरावर, धुराकडे पाठ आणि नदीकडे तोंड करून जमिनीवर बसले. खाली धोंडे उन्हात पांढरे पडले होते. पाठीमागून काटकी मोडल्याचा आवाज आला, मग खापरी उतरवल्याचा. मग ती नाक ओढत असल्यासारखं वाटलं. मिरचीनं असेल, किंवा नसेल. वाकचौऱ्यांनी वळून पाहिलं नाही, आणि उठलेही नाहीत.

“कसा लागतो?” शेवटी त्यांनी विचारलं.

तिनं दाताखालचा काटा काढला.

“बरा आहे. काटे फार आहेत.”

“मग सावकाश खा,” वाकचौरे म्हणाले. “मी बसलोय.”